गंधकाची अर्धा टक्का मर्यादा

द्राक्षांच्या हंगामात निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या भागांतून रीफर (शीत) कंटेनर न्हावाशेव्याला जातात आणि तेथून जहाजाने युरोपकडे निघतात. मण्यांतील औषधांचे अवशेष युरोपीय आयातदार किती काटेकोरपणे तपासतात, हे नाशिकच्या बागायतदाराला सांगावे लागत नाही. मात्र तो माल वाहून नेणाऱ्या जहाजाच्या धुराड्यातून काय बाहेर पडते, याची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते.

कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल काढून घेतल्यावर जे उरते, गरम केल्याशिवाय जे धड वाहतही नाही, ते जड इंधन तेल मोठी जहाजे वर्षानुवर्षे जाळत आली. त्यातील गंधकामुळे सल्फर डायऑक्साइड आणि फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण तयार होतात. जहाजांचे प्रदूषण रोखण्यासाठीच्या ‘मार्पोल’ या आंतरराष्ट्रीय कराराचे हवेच्या प्रदूषणाविषयीचे सहावे परिशिष्ट १९९७ मध्ये स्वीकारले गेले आणि २००५ मध्ये अमलात आले. त्या वेळी इंधनात ४.५ टक्के गंधक चालत असे. २०१२ पासून ही मर्यादा ३.५ टक्के झाली आणि १ जानेवारी २०२० पासून ०.५ टक्के. बाल्टिक आणि उत्तर समुद्रात २०१५ पासूनच ती ०.१ टक्के आहे, म्हणजे नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदराला जाणारे जहाज शेवटच्या टप्प्यात अधिक स्वच्छ इंधनावर चालते.

त्याच २०२० च्या एप्रिलमध्ये भारतात वाहनांसाठी बीएस-६ (भारत स्टेज) मानकाचे इंधन आले आणि डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत १० भागांवर आले. जहाजांची नवी मर्यादा त्याच मापात ५,००० भाग आहे. कंटेनर बंदरापर्यंत ओढणाऱ्या ट्रेलरच्या डिझेलपेक्षा जहाजाच्या इंधनात पाचशे पट गंधक असलेले आजही कायद्याला मान्य आहे.

तरीही या नियमाला मी दुबळा म्हणणार नाही, कारण त्याची तपासणी करता येते. इंधन भरताना मिळणारी पावती तीन वर्षे आणि मोहोरबंद नमुना किमान वर्षभर जपावा लागतो. भर समुद्रात कोण काय जाळतो हे पाहणे अवघड, म्हणून मार्च २०२० पासून मर्यादेबाहेरचे इंधन वापरासाठी टाकीत बाळगण्यासही मनाई झाली. शिवाय इंधनाची ही मर्यादा जुन्या जहाजांनाही लागू आहे; याउलट धुरातील नायट्रोजन ऑक्साइडचे नियम मुख्यतः जहाजाच्या बांधणीच्या वर्षावर अवलंबून असल्याने जुन्या ताफ्यावर त्यांचा परिणाम फारच सावकाश होतो.

मला खटकते ती स्क्रबरची सवलत. धूर धुणारे हे यंत्र बसवले की जुनेच स्वस्त तेल जाळता येते. त्याच्या खुल्या प्रकारात समुद्राचे पाणी आत घेऊन धूर धुतला जातो आणि आम्लधर्मी, धातूंचे अंश असलेले ते पाणी पुन्हा समुद्रातच सोडले जाते. हवेतील घाण पाण्यात ढकलण्याला प्रदूषण कमी करणे म्हणणे मला पटत नाही. सिंगापूरने आपल्या बंदरक्षेत्रात असे पाणी सोडण्यास २०२० पासूनच बंदी केली; मुळात ही सवलत मुदतीची असायला हवी होती.

स्वच्छ इंधनाचा वाढीव खर्च जहाज कंपन्या भाड्यावर अधिभार लावून वसूल करतात. २०२४ पासून युरोपीय संघाची कार्बन आकारणीही जहाजांना लागू झाली असून आकारणीस पात्र उत्सर्जनापैकी पहिल्या वर्षी ४० टक्के, दुसऱ्या वर्षी ७० टक्के आणि २०२६ च्या उत्सर्जनापासून १०० टक्के असा तिचा क्रम आहे. हा खर्च अखेर निर्यातदाराच्या हिशेबातून बागेच्या दरापर्यंत झिरपतो. म्हणूनच अधिभार मोजणाऱ्या आपल्या निर्यातदार संघटनांनी भाडे ठरवताना जहाजाला स्क्रबर आहे का, आणि असल्यास तो कोणत्या प्रकारचा, हेही विचारायला हरकत नाही.