ओवाळणीची नोट

रविवार, रात्री साडेअकरा

नोट अजून ताटातच आहे. पाचशेची. एका कोपऱ्याला कुंकू लागलंय, त्यावर दोन अक्षता चिकटल्यात. ताट देवघराखाली तसंच ठेवलंय, हात लावावासा वाटत नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, "अगं, ते ताट घासायचं राहिलं का?" म्हटलं, सकाळी घासते.

झालं काय, तर तसं काहीच नाही. मारुतीसमोरच्या सभामंडपाचं लोकार्पण होतं. पंचवीस-पंधरातलं, म्हणजे ग्रामविकासाच्या सरकारी निधीतलं काम. गावातला हा तिसरा सभामंडप. सकाळी सरपंचबाईंचा निरोप आला, "बाई, ओवाळायला तुम्हीच या, तुमच्या हाताला मान आहे." नाही म्हणवेना. दोन तास उभं राहिल्यावर गाड्या आल्या, फटाक्यांची माळ लागली, मी ओवाळलं. आमदारांनी खिशातून नोट काढली, फोटोवाला नीट उभा आहे ना ते बघितलं आणि ताटात टाकली. मग म्हणाले, "बाई, शाळेचं काय अडलंय का?"

पत्र पर्समध्येच होतं. शुक्रवारी लिहून, शिक्का मारून ठेवलेलं. एका हातात ताट सावरून दुसऱ्या हाताने ते काढलं आणि म्हणाले, "दादा, तेवढं दुसरीच्या वर्गाच्या छताचं बघा. फार उपकार होतील."

त्यांनी न वाचताच ते मागच्या पोराकडे दिलं. तो त्यांचा पीए असावा.

उपकार. हा शब्द माझ्या तोंडून कसा आला? तेवढंच कळून घ्यायला बसलेय, बाकी काही नाही.

मी मुलांना सांगते की काडेपेटी घेतली तरी तिच्यात आपला कर असतो. रस्ता, दिवा, शाळा आपल्याच पैशातून होतात. फळ्यावर बाण काढून शिकवते, पोरं माना डोलावतात. आज त्यातली निम्मी पोरं मंडपात पुढे बसली होती आणि बाई ताट घेऊन उपकार मागत होत्या.

तीन वर्षांपूर्वी हेच आमदार ह्याच पारावर उभे होते, तेव्हा विरोधात. निधीत दुजाभाव होतो म्हणून आवाज बसेपर्यंत बोलले. "जनतेचा पैसा ह्यांच्या घरचा आहे का?" मी टाळ्या वाजवल्या होत्या, मनापासून. आज म्हणाले, सत्तेत असल्याशिवाय निधी येत नाही, म्हणून मतदारसंघासाठी निर्णय घ्यावा लागला. पुढे म्हणाले, ओढ्यापलीकडच्या गावाने आपल्याला साथ दिली नाही, त्यांचं सावकाश बघू. लोक हसले. ओढ्यापलीकडची अकरा मुलं माझ्या शाळेत येतात. पाऊस लागला की ओढ्याला पाणी येतं आणि हजेरीत त्यांच्यापुढे गैरहजेरी लागत जाते. मी हसले नाही, पण ताट घेऊन उभी राहिलेच ना.

ह्या एकाला बोलून तरी काय. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेचे आमदार फुटले तेव्हा अर्थमंत्री अजित पवार आम्हाला निधी देत नाहीत, ही त्यांची मोठी तक्रार होती. वर्षभरात, जुलै २०२३ मध्ये, तेच अजित पवार त्यांच्याच सरकारात अर्थमंत्री झाले आणि निधी मिळत नाही म्हणून ओरडायची पाळी दुसऱ्या बाजूवर आली. सरकार बदललं की आधीच्यांच्या कामांना स्थगिती, हे २०१९ ला झालं, २०२२ लाही झालं. आणि ज्याच्यावर सगळे एकमताने गप्प असतात ते वेगळंच. २००७ साली वीरप्पा मोईलींच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने लिहून दिलं की खासदार निधी आणि आमदार निधी दोन्ही बंद करा. लोकप्रतिनिधीने सरकारच्या खर्चावर नजर ठेवायची, स्वतःच कामं वाटत बसायचं नाही. चार वर्षांत खासदार निधी वर्षाला २ कोटींवरून ५ कोटी झाला. आपल्याकडे आमदार निधीही २०२२ मध्ये ५ कोटींवर गेला. तेव्हा कुणाला दुजाभाव दिसला नाही.

रेवडीचंही, म्हणजे मतांसाठी फुकट वाटण्याचंही, तेच. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधान उत्तर प्रदेशात जालौनला म्हणाले, रेवडी वाटणाऱ्यांपासून सावध राहा. २०२४ च्या विधानसभेला आपल्याकडे त्यांची बाजू लाडकी बहीणच्या दीड हजाराचे एकवीसशे करणार होती आणि समोरची बाजू तीन हजार देणार होती. त्या पैशांवर माझा राग नाही. आमच्या गल्लीत त्या पैशातून गुडघ्याच्या गोळ्या आल्या, एकीच्या मुलीला दप्तर आलं. मला लागतं ते "भावाची ओवाळणी" म्हणणं. भाऊ स्वतःच्या खिशातून घालतो. हा पैसा कुणाच्या खिशातला?

आणि कोनशिलेवर काय कोरलंय, तर "यांच्या विशेष प्रयत्नातून". आमचे अण्णा असते तर तिथेच उठून... जाऊ दे.

खरं सांगायचं तर संध्याकाळी मला रडूच आलं. एवढ्या गावात ताट माझ्याच हातात का द्यायचं? वीस वर्षांत कुणापुढे हात पसरला नाही, तो आज सगळ्यांदेखत पसरला, आणि त्याचा फोटो आता गावातल्या प्रत्येक फोनवर फिरतोय. एकीने खाली लिहिलंय, "बाईंचा मान." बराच वेळ तेच बघत बसले.

मग पत्राची माझ्याकडची प्रत काढली. शेवटची ओळ वाचली. "तरी छताची दुरुस्ती मंजूर करून आम्हांस उपकृत करावे, ही नम्र विनंती." माझंच अक्षर. फाइलमध्ये मागच्या चार वर्षांचे तालुक्याला दिलेले अर्ज आहेत, त्या प्रत्येकावर हीच ओळ आहे, आणि प्रत्येकाला उत्तरही एकच, "सध्या तरतूद उपलब्ध नाही." म्हणजे तो शब्द आज निसटला नाही. तो मी लिहीतच आलेय. आधीच्या बाईंच्या अर्जावरून मी उचलला, त्यांनी आणखी कुणाच्या.

हे कळल्यावर, का कोण जाणे, जरा शांत वाटलं. पत्र दिल्याचं मला वाईट वाटत नाही. छत झालं तर होऊ दे, वर त्यांच्या नावाची पाटी लागली तरी पोरं कोरडी बसतील. तालुक्याला तरतूद नसते आणि सभामंडपाला असते, अशा ठिकाणी माणूस पत्र पर्समध्ये घेऊनच फिरणार.

पण पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी आत्ता नवा अर्ज लिहिला. "दुसरीच्या वर्गाचे छत गळते. पावसाळ्यात वर्ग भरवता येत नाही. दुरुस्ती तातडीने करण्यात यावी." एवढंच. खाली सही. उपकृत लिहायला हात आपोआप गेला होता, "उ" काढलाही होता. तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला.

नोटेचं काय करायचं ते अजून सुचत नाही. शाळेच्या खात्यात भरावी तर पावती कुणाच्या नावाने फाडू?

बाहेर वारा सुटलाय, पत्रे वाजताहेत. सकाळी लवकर निघायला हवं. दुसरीला चौथीच्या वर्गात हलवायचंय, आणि त्याआधी कपाटावरचे तक्ते खाली काढायला हवेत. पहिलं पाणी तिथेच पडतं.