युरिक अ‍ॅसिड ह्यांचं ६.५ नॉर्मल आणि माझं ६.५ जास्त?

पाळी बंद झाल्यावर काही वर्षांनी, ऐन गणपतीच्या तयारीत माझा उजवा घोटा एका रात्रीत लालभडक सुजला, चादर लागली तरी जीव जायचा. आमच्याकडे असल्या दुखण्याला सरसकट वात म्हणतात, त्यामुळे निर्गुडीचा शेक झाला, जवळच्या दवाखान्यातून पेनकिलर झाल्या, पण युरिक अ‍ॅसिडचं नाव कोणी काढलंच नाही (ते रक्तात वाढून सांध्यात साचलं की असं सुजतं, त्यालाच गाऊट म्हणतात). बायकांना ते होत नाही हे इतकं पक्कं बसलंय ना लोकांच्या डोक्यात!

शेवटी रत्नागिरीला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. ह्यांचं चेकअप होतंच, दोघांचं रक्त एकदम दिलं. रिपोर्टमध्ये दोघांचंही ६.५, पण माझ्याच आकड्यापुढे 'H', म्हणजे जास्त. ह्यांच्या रिपोर्टवर मर्यादा ७ पर्यंत, माझ्या ६ पर्यंत. डॉक्टर म्हणाले, "काकी, पाळी असते तोवर इस्ट्रोजेन ह्या हार्मोनमुळे किडनी युरिक अ‍ॅसिड लघवीवाटे जास्त बाहेर टाकते, पाळी गेल्यावर ते हार्मोन कमी झालं की लेव्हल चढायला लागते." आणि सूज असताना आकडा खरा असतो त्यापेक्षा कमीही दिसू शकतो म्हणून उतरल्यावर परत करायला सांगितलं, तेव्हा ७.४ आलं.

मग त्यांनी चालू गोळ्या मागितल्या. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात हायड्रोक्लोरोथायाझाइड लिहिलेलं होतं, लघवी वाढवणारं औषध, त्याने युरिक अ‍ॅसिड वाढतं. ते बदलून लोसार्टन दिलं, त्याने बीपीही धरतं आणि युरिक अ‍ॅसिडही थोडं उतरतं. (मनाने मात्र गोळी बंद करू नका हां, बीपी उसळतं.) कंबर मोजली, आपल्याकडे बायकांना ८० सेंमीच्या आत हवी, माझी ९२, उपाशीपोटी शुगर १०८ म्हणजे जरा जास्तच, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेलं. इन्सुलिन नीट काम करेना की किडनी युरिक अ‍ॅसिड धरून ठेवते, म्हणजे घोटा दुखणं आणि ही शुगर वेगळी नाहीतच, आणि बायकांमध्ये हा संबंध जास्त घट्ट दिसतो म्हणे.

मासे पूर्ण बंद नाही केले, कोकणात राहून कसं जमणार! युरिक अ‍ॅसिड जास्त वाढवणारे तारल्या, मांदेली, सुका जवळा कमी केले, बाटलीतली गोड सरबतं बंद, संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर चालणं. आता ६.१ आहे, सहाच्या खाली आणायचंय. माझ्या जावेचेही गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, तिला पाकीट घेऊनच डॉक्टरांकडे पाठवलंय.