असीरगडच्या वेढ्यातला एक प्यादा : डगला, जामा आणि थोडीशी जिरह

जुन्या काळची चिलखते आणि पेहराव अभ्यासून ते हाताने पुन्हा घडवण्याचा छंद जडला, तेव्हा सर्वांत आधी मला एका प्रश्नाचा निकाल लावावा लागला : नेमके कोणाचे कपडे शिवायचे? नुसता 'मध्ययुगीन सैनिक' असा माणूस कधी कुठे नव्हता. होता तो अमुक साली, अमुक धन्याच्या चाकरीत, अमुक पगारावर असलेला कोणीतरी. आणि हे तिन्ही ठरवल्याशिवाय कात्री कापडाला लावता येत नाही. मालिकांतून दिसणारे सैनिक असे ठरवून केलेले नसतात, म्हणूनच त्यांच्या अंगावर यादवांचे अलंकार, पेशवाईची पगडी आणि चंदेरी रंग दिलेले रेक्झिन सुखाने एकत्र नांदते.

मी चोपड्याला राहतो. तापीकाठचे थाळनेर, म्हणजे फारुकी सुलतानांची पहिली राजधानी, तेथून फार लांब नाही, आणि तेथील त्यांच्या कबरी मी शाळकरी वयापासून पाहत आलो आहे. अकबराने १६०० मध्ये बऱ्हाणपूर घेतले, असीरगडाला वेढा घातला, आणि जानेवारी १६०१ मध्ये गड पडल्यावर खानदेशची सल्तनत संपली. म्हणून मी वर्ष धरले १६०० आणि माणूस धरला फारुकींच्या चाकरीतला, थाळनेर परगण्यातला एक हिंदू प्यादा. हा निर्णय पुढे फार उपयोगी पडला, कारण कोणतीही वस्तू करायला घेण्यापूर्वी 'हे या माणसाला परवडले असते का?' एवढे विचारले की निम्मा मोह आपोआप गळून पडत असे.

अडचण अशी की प्याद्यांच्या वस्तू टिकत नाहीत. टिकतात त्या राजांच्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात अकबराचे पोलादी उरस्त्राण आणि ढाल आहे. बिकानेरच्या शस्त्रागारातील अनेक दख्खनी चिलखतांवर ती १६८९ मध्ये दक्षिणेतल्या अदोणीच्या किल्ल्यात हाती आल्याची नोंद ठोकलेली आहे, आणि चिलखतावर सहसा तारीख नसते हे लक्षात घेता ती नोंद अभ्यासकाला सोन्याच्या मोलाची वाटते. पण या दोन्ही ठिकाणांहून प्याद्याच्या अंगावर काय होते ते कळत नाही. त्यासाठी चित्रांकडे वळावे लागते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही' ही अहमदनगरची सचित्र पोथी आहे, तिच्यात १५६५ च्या तालिकोटच्या लढाईची चित्रे आहेत. अकबराच्या दरबारी चित्रकारांनी १५९० च्या सुमारास रंगवलेली लढायांची चित्रेही आज संगणकाच्या पडद्यावर मोठी करून पाहता येतात. मी राजाकडे आणि हत्तीकडे पाहणे सोडून दिले आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यांत, कडेला अर्धवट कापले गेलेले जे लोक तोफा ओढत असतात, शिड्या धरून उभे असतात, त्यांच्या बाह्या, गाठी आणि शिवणी टिपून घेऊ लागलो. एका संग्रहालयात चिलखताची मापे घेण्यासाठी रीतसर अर्ज केला, तो बराच काळ या टेबलावरून त्या टेबलावर फिरला; शेवटी काचेबाहेरून पाहण्याची परवानगी मिळाली, जी तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला असतेच.

प्रारंभ जाम्यापासून, म्हणजे बंदांनी बांधायच्या घेरदार अंगरख्यापासून केला. 'आईन-इ-अकबरी'मध्ये अबुल फजलने शस्त्रांच्या आणि चिलखतांच्या किमती दिल्या आहेत, तशीच कपड्यांना लागणारी मापेही दिली आहेत. तकौचिया या बिनअस्तरी हिंदुस्थानी अंगरख्याविषयी तो लिहितो की पूर्वी त्याच्या घेराला चिरा असत आणि तो डावीकडे बांधीत; बादशहाने घेर गोल करायला लावला आणि बंद उजवीकडे आणले. कापड लागते ७ गज ७ गिरह, बंदांसाठी आणखी ५ गिरह. एका गजाच्या १६ गिरह. इलाही गज सुमारे ३३ इंचांचा धरला, तर हे साधारण सव्वासहा मीटर कापड होते. चित्रांतही हाच बदल दिसतो : अकबराच्या सुरुवातीच्या काळात टोकदार पदरांचा चाकदार जामा आणि नंतर गोल घेर. माझा प्यादा दरबारापासून दूर, शिवाय अकबराच्या शत्रूच्या पदरी, तेव्हा त्याच्या अंगावर जुनी तऱ्हा असणेच मला अधिक संभवनीय वाटले. म्हणून चार टोकांचा घेर आणि बंद डाव्या काखेत. कापड जाडे, हातसुती आणि न धुतलेले घेतले, कारण खळ असताना कापलेल्या तिरक्या कडा सरकत नाहीत. शिवण यंत्रावर न घालता हातानेच घातली. जी शिवण दिसत नाही तीसुद्धा.

खरे काम होते डगल्याचे, म्हणजे रुई भरून शिवलेल्या जाड अंगरख्याचे. लोकांना चिलखत म्हटले की लोखंड आठवते, परंतु सामान्य शिपायाचे रक्षण मुख्यतः कापसाने केले आहे, आणि ज्याच्या अंगावर जिरह असे त्यालाही तिच्याखाली भरीव कपडा लागेच, कारण लोखंडी कड्यांची जाळी धार अडवते, पण घावाचा दणका जसाच्या तसा हाडापर्यंत पोचवते. कापसाच्या मुलुखात राहून मी लोखंडापासून सुरुवात केली असती तर ते हास्यास्पद ठरले असते.

मात्र आज खानदेशात शिवारभर जो कापूस दिसतो तो त्या काळचा नव्हे. आजचा संकरित बीटी कापूस हा लांब धाग्याच्या अमेरिकन जातीचा. बीटीला भारतात परवानगी मिळाली ती २००२ मध्ये. १६०० मध्ये येथे पिकत होता तो आखूड, जाड्याभरड्या धाग्याचा देशी कापूस. भरणासाठी तो अधिक चांगला, कारण दाबला तरी पुन्हा फुगतो. लांब धाग्याची रुई लवकर बसते आणि तिचे पापुद्रे होतात. यावलकडच्या एका नातलगांनी बांधावरच्या देशी झाडांची बोंडे साठवून दिली, त्यांची सरकी घरीच काढली आणि रुई पिंजाऱ्याकडून पिंजून आणली. ती संपूर्ण डगल्याला पुरणारी नव्हती, म्हणून छाती आणि खांदे देशी कापसाचे व पाठ जिनिंगमधल्या रुईची, अशी विभागणी केली. वापरानंतर हाताने चाचपले की दोन्हींतला फरक डोळे मिटूनही कळतो.

शिवणकामासाठी मी आमच्या गल्लीतल्या, गोधड्या शिवून देणाऱ्या एका मावशींकडे गेलो. नमुना उलटसुलट करून पाहिल्यावर त्या म्हणाल्या, "हाई ते बाह्या लावेल गोधडी शे भाऊ." याहून नेमके वर्णन मला कोणत्याही ग्रंथात सापडले नाही. अस्तर खाली पसरून त्यावर दोन बोटे जाडीचा रुईचा थर, वर दुसरे कापड, आणि मग उभे धावदोरे, एकमेकांपासून अंगठ्याएवढ्या अंतरावर. दोरा मेणातून ओढून घ्यायचा, दाभण सरळ खाली घालायचे, तिरपे नाही, आणि प्रत्येक टाक्याला दोरा इतका आवळायचा की दोन्ही कापडे मधल्या रुईला चिमटीत धरतील. ओळ पूर्ण झाली की मावशी तळहात सपाट ठेवून तिच्यावरून फिरवीत. जिथे हात किंचित खाली जाई तिथे रुई सरकलेली असे, आणि ती ओळ तेवढ्यापुरती उसवून कापूस पुन्हा भरावा लागे. पूर्ण झालेला थर जेमतेम बोटभर जाडीचा उरतो, पण तो वाकवायला जोर लागतो. काखेत मात्र भरण अजिबात ठेवायचे नाही. तिथे जाडी ठेवली की हात खांद्याच्या वर जात नाही, आणि चित्रांतल्या शिपायांच्या काखेत कापड सैल का दिसते याचा उलगडा तेव्हा होतो.

वरच्या कापडाला रंग हवा होता. चोपड्याच्या पूर्वेला याच पट्ट्यात असलेले फैजपूर एकोणिसाव्या शतकात गडद निळ्या आणि लाल रंगाईसाठी प्रसिद्ध होते, हे इंग्रजी गॅझेटियरांत नोंदलेले आहे. लाल रंग निघे तो आल नावाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून. १८६८-६९ मध्ये प्रयोगशाळेत अलिझरिन हा लाल रंग तयार करण्याची रीत सापडली आणि आलीची शेती पुढे बुडाली. आज तेच झाड 'नोनी'चा रस म्हणून बाटलीत भरून विकले जाते, आणि आपल्याकडे बारतोंडी या नावाने बांधावर उभे असते. असेच एक झाड उपटले जाणार असल्याचे कळले तेव्हा त्याची बारीक मुळे मी मागून आणली, कारण रंग जाड मुळांपेक्षा बारीक मुळांच्या सालीत अधिक असतो.

कापड आधी खळ जाईपर्यंत उकळले, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवले, नंतर तुरटीच्या पाण्यात घालून पुन्हा वाळवले. कुटलेली साल पाण्यात टाकून आच अगदी हळूहळू वाढवावी लागते. भांडे तांब्याचे, आतून कल्हई केलेले वापरले; लोखंडी कढईत हाच रंग काळपट होतो. पहिला तासभर कापड मळकट पिवळे दिसते आणि मन खट्टू होते. नंतर कडेपासून लाली चढू लागते. आमच्या बोअरिंगचे पाणी जड, त्याचा चहा चांगला होत नाही, पण त्यातल्या चुन्यामुळे असल्या लाल रंगाला मदतच होते. निघालेला रंग विटकरी आहे. रिठ्याच्या पाण्याने धुतला तरी उतरलेला नाही.

लोखंडाचा मोह पूर्ण सुटला नव्हता, हे मान्य केले पाहिजे. अख्खी जिरह या प्याद्याला परवडली नसती, म्हणून केवळ मान आणि खांदे झाकणारा तुकडा करायचे ठरवले आणि प्रदर्शनाच्या पाटीवर 'हा भाग अनुमानाचा' असे स्पष्ट लिहिले. या काळातल्या हिंदुस्थानी जिरहांमध्ये बहुधा एक ओळ अखंड कड्यांची आणि एक ओळ रिव्हेट मारलेल्या कड्यांची असते, आणि प्रत्येक कडे शेजारच्या चार कड्यांतून गेलेले असते. अखंड कड्यांसाठी मी बारीक वायसर वापरले. दुसऱ्या ओळीसाठी बांधकामाची काळी बाइंडिंग तार घेतली. कुंपणाची जस्त चढवलेली तार घेऊ नये, कारण ती तापवली की जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीला बाधतो. तार आठ मिलिमीटरच्या सळईवर गुंडाळून कडी कापायची, टोके एकमेकांवर थोडी चढवायची, लाल होईपर्यंत तापवून राखेत सावकाश निवू द्यायची, आणि मग ऐरणीवर चढलेली टोके चपटी करायची. निववल्याशिवाय ठोकले तर लोखंड कडेने फाटते. चपट्या भागाच्या बरोबर मध्ये पंचाने भोक पाडायचे, त्यात तारेचा बारीक तुकडा घालायचा, आणि जबड्यात खळगा कोरलेल्या पकडीने त्याचे डोके बसवायचे. पकडीचा खळगा आमच्याकडे दरवर्षी उतरणाऱ्या एका घिसाडी कारागिरांनी कोरून दिला, आणि पंच कसा पाणी देऊन कडक करायचा तेही त्यांनीच दाखवले. कमरेपर्यंतच्या एका जिरहेला अशी वीस हजारांहून अधिक कडी लागतात, हे कळल्यावर घोडेस्वाराच्या पगाराविषयी माझा आदर वाढला.

तलवार केली नाही. नऊ इंचांहून लांब पात्याची शस्त्रे शस्त्रनियमांच्या कक्षेत येतात, आणि छंदासाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढण्याची माझी इच्छा नाही. हातात लाकडी भाल्याची काठी पुरते.

सर्व अंगावर चढवून पाहिले ते थंडीत, कारण जळगाव जिल्ह्याच्या मे महिन्यात हा प्रयोग करणे धोक्याचे आहे. पहिली जाणीव वजनाची होते, पण शेला कमरेला घट्ट आवळला की खांद्यांवरचा निम्मा भार कंबर घेते. चित्रांतला प्रत्येक शिपाई शेला का बांधतो, त्याचे हे एक कारण असावे. दुसरी जाणीव आवाजाची. डगल्याचा कान झाकणारा उंच गळपट्टा डोके वळवले की कानाशी घासतो आणि मागून कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही. गळपट्टा पुढे दोन बोटे उतरवला.

पावसाळ्यात जिरहेचा तुकडा गंजू लागतो. तो कोरड्या वाळूसह गोणीत घालून हलवला की स्वच्छ होतो, मग जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा. ते तेल वाळून पापुद्रा धरते, गोडेतेल नुसते चिकट राहते. डगला दर काही आठवड्यांनी उन्हात टाकून त्यात कडुलिंबाचा पाला ठेवतो. आता उरले आहे ते पागोटे. त्याला अरुंद पन्ह्याचे, लांबलचक, पातळ हातमागाचे कापड हवे, आणि तसे विणून देणारे कोणी बऱ्हाणपूरकडे भेटते का याची चौकशी चालू आहे.