हा बाप्या कोण?

"हा बाप्या कोण गातोय रे?" मेथी निवडता निवडता आईने विचारलं.

मोबाईलवर स्टेपल सिंगर्सचं, म्हणजे अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय गाणाऱ्या कुटुंबाचं, १९५६ सालचं गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीत) लागलं होतं. म्हटलं, "बाप्या कुठला, सतरा वर्षांची पोरगी आहे, मेव्हिस." आईला काही पटेना. तेव्हा अमेरिकेतल्या लोकांनाही पटत नसे म्हणे!

मेव्हिसचे वडील 'पॉप्स' स्टेपल्स मिसिसिपीच्या कापूसमळ्यांत वाढलेले. शिकागोत मजुरी करून घरी आले की पोरांना जमिनीवर गोल बसवायचे आणि गिटारची एकेक तार छेडून ज्याला त्याला त्याचा सूर द्यायचे. १९४८ पासून हे घर चर्चमध्ये गाऊ लागलं. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांना ऐकलं आणि गाणी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीतही गेली.

आता त्यातली एकटी मेव्हिस उरलीय. ऐंशी उलटली तरी गातेय.

मला मात्र ही जुनी रेकॉर्डच भारी वाटते. गिटार आणि घरचेच गळे. तुम्हाला?