तुम्ही विचारलंत म्हणून: कोरा कागद कंगव्याकडे का जातो?

गेली पंचवीस वर्षे मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र शिकवतो आहे, आणि या काळात मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न कृष्णविवराचा नाही की अणुबॉम्बचाही नाही. तो असा: "सर, विजातीय प्रभार एकमेकांना ओढतात, सजातीय ढकलतात, हे पाठ आहे, पण कागदाच्या कपट्यावर तर प्रभारच नसतो, मग तो कंगव्याला का चिकटतो?" विद्यार्थी विचारतात, पालक विचारतात, आणि एकदा तर केस कापता कापता आमच्या सलूनवाल्याने कंगवा हवेत धरून हेच विचारले होते. ज्याला नियम नीट समजलेला असतो तोच इथे अडतो, म्हणून मला या प्रश्नाचा कधी कंटाळा आलेला नाही.

प्रश्न जुनाच आहे. अंबर नावाच्या अश्मीभूत राळेला ग्रीक लोक इलेक्ट्रॉन म्हणत आणि इलेक्ट्रिसिटी हा शब्द त्यावरून आला, हे पुष्कळांना ठाऊक असते. मला मात्र तृणमणी हे आपल्याकडचे नाव अधिक नेमके वाटते, कारण मण्याबरोबर त्यात गवताची काडीही आहे; फारसीतल्या कहरुबा या शब्दाचा अर्थही काडी ओढून नेणारा असाच होतो. त्या काडीवरही प्रभार नसतोच.

कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवला की केसांतले काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर जातात आणि कंगवा ऋणप्रभारित होतो. कागदावर प्रभार नाही असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात धन आणि ऋण प्रभार सारख्या प्रमाणात आहेत एवढाच त्याचा अर्थ असतो. कंगवा जवळ आला की कागदातले इलेक्ट्रॉन आपापला रेणू न सोडता किंचित मागे सरकतात, त्यामुळे कपट्याचे कंगव्याकडचे टोक थोडे धन आणि पलीकडचे तेवढेच ऋण होते. आता कंगवा एका टोकाला ओढतो आणि दुसऱ्याला ढकलतो. यावर हुशार विद्यार्थी लगेच म्हणतो की मग हिशेब शून्यच व्हायला हवा, आणि तो शून्य का होत नाही याचे उत्तर कूलोमपाशी आहे.

शार्ल कूलोम हा फ्रेंच लष्करातला अभियंता. चांदीच्या अतिशय बारीक तारेला त्याने एक आडवी काडी टांगली, तिच्या टोकाला हलकी गोळी बसवली, आणि तिच्याजवळ दुसरी गोळी ठेवून दोन्हींना सारखाच प्रभार दिला. गोळ्या एकमेकींपासून दूर सरल्या की तारेला पीळ पडे आणि तो पीळ हेच बलाचे माप होते. 1785 साली त्याने जे आकडे मांडले ते मी दरवर्षी फळ्यावर लिहितो: गोळ्यांमध्ये 36 अंशांचे अंतर असताना पीळ 36 अंश, अंतर 18 अंशांवर आणायला 144, आणि 8.5 अंशांवर आणायला 575.5. अंतर निम्मे केले की बल चौपट होते. पाठ्यपुस्तकात सूत्र आधी येते आणि हे आकडे बहुधा येतच नाहीत, याची मला खंत वाटते.

हाच नियम कपट्याला लावून पाहावा. कंगव्यावरचा प्रभार एका बिंदूत एकवटला आहे असे मानू. कपट्याचे जवळचे टोक त्यापासून 10 मिलिमीटरवर आणि दूरचे 15 मिलिमीटरवर असेल, तर जवळच्या टोकाची ओढ 100 धरल्यास दूरच्या टोकाला बसणारा ढकला जेमतेम 44 भरतो, आणि उरलेल्या फरकाने कपटा उचलला जातो. बल अंतरानुसार बदलले नसते, तर तो जागचा हलला नसता. शिवाय कंगवा जवळ येतो तशी टोकांवरची ही फारकतही वाढते. त्यामुळे कपटा अंतराच्या मानाने लहान असेल तर अंतर दुप्पट केल्यावर ओढ एक चतुर्थांश नव्हे, तर एक बत्तिसांश होते. कंगवा सावकाश खाली आणताना कपटा बराच वेळ ढिम्म राहतो, मग एका टोकावर उभा राहतो आणि एकदम उडी घेतो, ते यामुळेच.

पुढचा भाग बहुतेकजण पाहत नाहीत, कारण कपटा चिकटला की प्रयोग संपला असे त्यांना वाटते. कंगवा तसाच धरून ठेवावा. काही क्षणांनी एखादा कपटा झटकल्यासारखा दूर फेकला जातो. कागदात थोडा ओलावा असतो, त्यातून कंगव्यावरचा ऋण प्रभार हळूहळू कपट्यावर उतरतो आणि दोघे सजातीय होतात. म्हणूनच एखाद्या वस्तूवर प्रभार आहे का हे ठरवताना आकर्षणावर भरवसा ठेवता येत नाही. कोरी वस्तूही ओढली जाते, ढकलली मात्र जात नाही.

आमच्याकडे हा धडा नेमका जुलैत येतो. तेव्हा प्रत्येक वस्तूवर बाष्पाचा पातळ थर असतो आणि कंगव्यावरचा प्रभार पाहता पाहता त्यातून निघून जातो. त्यामुळे प्रयोग मी जानेवारीपर्यंत राखून ठेवतो, आणि तेव्हाही ज्याच्या डोक्याला खोबरेल तेल नाही असा एक तरी विद्यार्थी वर्गात शोधावाच लागतो.