करारातलं ‘एक्झिक्यूट’

नाशिकमध्ये फ्लॅटचा करार इंग्रजीत हाती पडला की ‘एक्झिक्यूट’पाशी बरेच जण ‘अंमलबजावणी’ असं मनात म्हणून पुढे सरकतात. योजना किंवा कोर्टाचा हुकूमनामा असेल तर ते बरोबर. कर्म माणूस असेल तर थेट फाशी! पण ‘डीड’ किंवा ‘ॲग्रीमेंट’ एक्झिक्यूट करणं म्हणजे त्यावर सही करणं. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या व्याख्येतच तसं आहे.

मराठीत याला ‘करून देणे’ म्हणतात, आणि मला हा शब्दप्रयोग इंग्रजीपेक्षा सरस वाटतो. नोंदणी झालेल्या कुठल्याही विक्रीच्या दस्ताची सूची क्रमांक 2 (‘इंडेक्स टू’, म्हणजे नोंदणीचा गोषवारा) पाहा. रकाना 9 मध्ये ‘दस्तऐवज करून दिल्याचा दिनांक’, रकाना 10 मध्ये ‘दस्त नोंदणी केल्याचा दिनांक’. दोन वेगळ्या तारखा. मुदती मोजायच्या त्या पहिलीपासून.

मुद्रांक शुल्क सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरायचं. दस्त सहीपासून 4 महिन्यांत दुय्यम निबंधकांकडे दाखल करायचा. अपरिहार्य कारणाने राहिलाच तर आणखी 4 महिने मिळू शकतात, पण नोंदणी फीच्या 10 पटींपर्यंत दंड बसतो. आडगावची सामाईक जमीन विकताना एका भावाने आज सही केली आणि दुसऱ्याने दोन महिन्यांनी, तर प्रत्येकाच्या सहीपासून त्याचे 4 महिने वेगळे धरतात. मृत्युपत्राला ही मुदत नाही.

म्हणून मसुद्यात तारीख आधीच टाइप करून ठेवू नका. सह्या लांबल्या तर कागदावरची तारीख खोटी पडते आणि मुदतीचा घोळ होतो. जागा कोरी ठेवा, सहीच्या वेळी पेनने भरा.

विसारपावतीत ‘विक्रेता 90 दिवसांत सेल डीड एक्झिक्यूट करेल’ एवढंच असेल, तर ‘सही दिली, माझं काम झालं’ असा वाद घालायला विक्रेत्याला जागा राहते. तिथे ‘एक्झिक्यूट अँड रजिस्टर’ लिहून घ्या, आणि निबंधकांसमोर हजर राहून दस्त करून दिल्याचं कबूल करण्याची जबाबदारीही त्याच कलमात टाका.

‘एक्झिक्युटंट’ आणि ‘एक्झिक्युटर’ यांचीही गल्लत होते. पहिला दस्त लिहून देणारा. दुसरा मृत्युपत्रात नेमलेला, मृत्यूनंतर त्याप्रमाणे वाटणी करणारा. विक्रीच्या दस्तात विक्रेत्याला ‘एक्झिक्युटर’ म्हटलेलं दिसलं, तर मसुदा परत पाठवा.