दत्ताराम की दत्तात्रय

११ जुलै २००६. संध्याकाळी अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत. मी तेव्हा महसूल खात्यात अव्वल कारकून होतो. मदतीच्या अर्जांचं टेबल माझ्याकडे आलं.

सुरुवातीला मी फक्त कागद बघत होतो. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसाचे पुरावे. विरारहून एक बाई सासऱ्यांना घेऊन यायच्या. नवऱ्याचं नाव रेशनकार्डावर दत्ताराम, दाखल्यावर दत्तात्रय. मी दोनदा परत पाठवलं, "दुरुस्ती करून आणा." तिसऱ्या खेपेला विचारलं, "मयताचं नाव नक्की काय?" त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग पोलिसांनी परत दिलेल्या पाकिटातून रेल्वेचा पास काढून टेबलावर ठेवला. मुदत अजून संपली नव्हती. "साहेब, मयत नका म्हणू. दत्ता म्हणायचे सगळे ह्यांना."

दोन्ही नावं एकाच माणसाची, एवढं प्रतिज्ञापत्र पुरणार होतं. मसुदा मी तिथेच लिहून दिला. वीस मिनिटं लागली. ते पहिल्याच दिवशी करता आलं असतं, हे मला अजून टोचतं. सासरे तोवर तीन वेळा विरारहून त्याच लोकलने आले होते.

तेव्हा कायद्यातही फारसा आधार नव्हता. कोर्टाने भरपाई द्यायची ती मुख्यतः आरोपी दोषी ठरल्यावर. ३१ डिसेंबर २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७-अ लागू झालं आणि आरोपी सापडला नाही तरी पीडिताला भरपाईसाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अर्ज करता येऊ लागला. आता हीच तरतूद त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. बलात्कार आणि अ‍ॅसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी २०१३ मध्ये राज्याची मनोधैर्य योजना आली. पण हे घरोघरी माहीत नाही. पोलीस ठाण्यात एफआयआरची प्रत फुकट मिळते, हेसुद्धा पुष्कळांना माझ्याकडूनच कळतं.

२०१९ ला निवृत्त झालो आणि लोकांना कायद्याची मदत मिळवून देणारा विधी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी एवढंच सांगतो: आधी खुर्ची द्या, पाणी द्या. लागणाऱ्या सगळ्या कागदांची यादी एकदाच, मराठीत, लिहून द्या. घडलेलं आधीच्या जबाबात असेल तर तिथून वाचा, पुन्हा वदवून घेऊ नका.

मंगळवारी एक आई आली होती. मुलगा चाकूहल्ल्यात गेलेला. अर्जावर पेन टेकवण्याआधी मी तिलाच विचारलं, नाव कसं लिहू? तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं.